लातूरचं तिसरं वर्ष

ही गोष्ट मी उज्ज्वलाताईलासुद्धा सांगितलेली नाही. आणि उज्ज्वलाताईला मी काय काय सांगितलंय ते ऐकलं तर तुम्ही कानावर हात ठेवाल — नवऱ्याचं घोरणं, जावेचे टोमणे, कुठल्या साडीत मी जाड दिसते, सगळं. पण हे नाही. माहूरला दरवर्षी जाते, रेणुकामायपुढं उभी राहते, आज बोलायचंच असं ठरवून डोळे मिटते, आणि भलतंच काहीतरी मागून पायऱ्या उतरते.

आता सांगते. पण एकदम नाही जमायचं — जरा वळशानं येऊ द्या.

आमचं गाव कंधारपासून थोडं आत. दोघं भाऊ एकत्र, आमचे हे धाकटे. शेती, म्हशी, आल्यागेल्याचं चहापाणी, आणि चूल एकच. जाऊबाई वाईट नाहीत, पण कुठली भाकरी माझी आणि कुठली त्यांची हे त्या न बघता सांगायच्या, आणि सांगायच्याच. मला एकच लेक, ऋतुजा. तिला दहावीला मार्क चांगले पडले आणि तिच्या सरांनी घरी येऊन सांगितलं, हिला लातूरला टाका. आमच्या भागात पोरगं हुशार निघालं की त्याला लातूरला टाकतात, आणि पोरगी हुशार निघाली की तिच्यासंगं तिच्या आईलाही. क्लासच्या जवळ एक खोली करायची, आईनं स्वयंपाक करायचा, पोरीनं अभ्यास. बाप गावाकडं. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

निघताना मी रडले. सगळ्या गल्लीनं बघितलं. बाया म्हणल्या, लेकरासाठी बाईनं घर सोडलं, केवढा हा त्याग. आणि खरं सांगू का? अहमदपूर येईस्तोवर माझा पदर वाळला होता. चाकूरच्या पुढं तर मी खिडकीतून बाहेर बघून गाणं गुणगुणत होते. ऋतू म्हणली, मम्मी तू बरी आहेस ना?

बरी? लग्नानंतर इतकी बरी मी कधीच नव्हते.

पण कामात कसूर केली नाही, हे आधी सांगते. नाहीतर म्हणाल, बाई नुसती मजा मारायला गेली. पहाटे तिला उठवायची मी, म्हणजे आधी स्वतः उठून तिच्या तोंडापुढं चहा धरायचा आणि तिचा एक डोळा उघडेपर्यंत बडबड करायची. डबा, दूध, केस विंचरून देणं — तिला वेळ नसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्न विचारणं. भाकरी थापता थापता पुस्तक टेकवून ठेवायची आणि विचारायची. सुरुवातीला ती पोट धरून हसायची. मायटोकाँड्रिया म्हणताना मी मधेच एक घोट पाणी प्यायची. पण वर्षभरात मला मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची सगळी वळणं पाठ झाली. घरी गेले तेव्हा जाऊबाईंना म्हणलं, वहिनी, तुमची किडनी दिवसभर किती गाळते माहीत आहे का? त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं शिवी दिली.

ऋतूला मात्र माणसांच्या किडनीपेक्षा म्हशीच्या पोटात जास्त रस. चार कप्पे कसे असतात, रवंथ कशी होते — हे सांगताना तिचे डोळे चमकायचे. गावाकडची म्हैस आजारी पडली की तिला इथं चैन पडायचं नाही. मी यांच्याशी फोनवर असले की म्हणायची, "पप्पाला विचार, शेण कसं टाकतीय." आणि तिकडून हे म्हणायचे, "तिला सांग, पातळ."

इथं थांबा जरा. हे नीट समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. आमच्या घरात बाप-लेकीचं बोलणं माझ्या तोंडातून जायचं. भांडण नाही, काही नाही — दोघांचा एकमेकांवर जीव. पण लहानपणापासून रीतच तशी पडली. तिला वही पाहिजे, तर मला सांगायची. त्यांना तिचे केस कापलेले आवडले नाहीत, तर मला सांगायचे. समोरासमोर दोघं बसले तरी "जेवलीस का", "हाव" — संपलं. फोन सुद्धा माझ्याकडंच. त्यांचं तिला आणि तिचं त्यांना मी पोचवायची, आणि पोचवताना थोडं गोड करून पोचवायची. ते म्हणाले, "लई खर्च करू नको म्हणाव," तर मी सांगायची, पप्पा म्हणतेत तब्येतीला जप. इतकं तर सगळ्याच बाया करतात ना?

तर लातूर. आमच्या खोलीच्या शेजारी उज्ज्वलाताई — भोकरच्या, त्यांचे मिस्टर तहसीलमध्ये. त्यांची श्रेया ऋतूच्याच वर्गात. फोन उचलला की मोठ्यानं जयभीम, आणि फोन ठेवला की मोठ्यानं हसणं. महिन्याभरात आमच्या दोन खोल्यांची एक झाली. त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि माझी ज्वारीची भाकरी, एका ताटात. गावाकडं कुणीतरी काहीतरी बोललं असतं. इथं बोलायला कुणी नव्हतं, आणि आम्हाला ऐकायला वेळ नव्हता.

पोरी क्लासला गेल्या की बिल्डिंगीतल्या सगळ्या आया खाली भाजी निवडत बसायच्या. कुणी निलंग्याची, कुणी देगलूरची — ती चिडली की तेलुगूत पुटपुटायची. एक दिवस उज्ज्वलाताईनं विचारलं, शाळेत काय खेळायचीस गं? मी म्हणलं, खो-खो. शाळेच्या टीममध्ये होते मी. खांबावर झेप घेऊन गडी बाद करायची, तालुक्यापर्यंत जाऊन आले. दहावी झाली, लग्न झालं, संपलं. त्या म्हणाल्या, मग ऊठ की.

बिल्डिंगीमागं एक मोकळा प्लॉट होता. एका टोकाला लाईटचा खांब, दुसऱ्या टोकाला लिंबाचं झाड. मेथीच्या जुड्या बाजूला सारून आम्ही बसलो ओळीनं, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. पाठीवर थाप पडली, "खो" — आणि मी पळाले. पळाले म्हणजे काय, साडीत पाय अडकून तोंडावर पडले, गुडघा सोलला. आणि मातीत पडल्या पडल्या मला जे हसू आलं! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. किती वर्षं झाली होती मला पळून? बायका पळतात का कधी? गडबडीनं चालतात, तेवढंच.

मग रोजच सुरू झालं. साडीचा पंजाबी ड्रेस झाला, ड्रेसखाली ऋतूची जुनी ट्रॅकपँट आली. आधी आम्हाला बघून शेजारचे म्हातारे हसायचे, नंतर तेच लाईन आखायला फक्की आणून द्यायला लागले. देगलूरची अशी हुलकावणी द्यायची की तिला धरणं मुश्किल. मी पुन्हा झेप घ्यायला लागले. संध्याकाळी ऋतूला प्रश्न विचारताना माझे पाय ठणकत असायचे, आणि तो ठणकासुद्धा मला आवडायचा. मी सुखात होते. लई सुखात होते.

अकरावी गेली, बारावी गेली. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा झाली. ऋतूचा निकाल आला — एमबीबीएसला पुरत नव्हता. पण जनावरांच्या डॉक्टरकीला, व्हेटर्नरीला, तिचं नाव आरामात लागत होतं. श्रेयाचंही. दोघींनी सकाळीच मिठ्या मारल्या एकमेकींना. ऋतू मला म्हणली, "मम्मी, मला हेच पाहिजे होतं. तू पप्पाला विचार ना."

पप्पाला विचार. हाव, विचारते.

ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली आणि मी फोन लावला. सांगितलं सगळं. हे हसले. म्हणाले, "मग चांगलंच हाय की. घरच्या म्हशीला घरची डॉक्टर. घिऊन ये लेकराला. लई शिणलं ते."

फोन कानाला होता आणि नजर खिडकीतून खाली. बाया फक्कीनं लाईन आखत होत्या. नवरात्रात बायकांची स्पर्धा होणार होती, शहरातल्या सगळ्या गल्ल्यांची. उज्ज्वलाताईचा धाकटा त्या वर्षी अकरावीला आला होता, म्हणजे त्या राहणार होत्या. आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, तू गेलीस तर खांबावर कोण गं? — मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. चूल, परात, जाऊबाईंची पाठ.

आणि मी म्हणलं, "तसं न्हाई हो. ती म्हणती अजून एक वर्ष बसते. डॉक्टरच व्हायचं म्हणती माणसांची. ऐकतच न्हाई."

हे म्हणाले, "तिची जिद्द असल तर मी कोण मधी येणारा. बसू दे."

मग मी गॅलरीत गेले. तिला म्हणलं, पप्पा म्हणतेत अजून एकदा बस, त्यांची लई इच्छा आहे तुला एमबीबीएसला बघायची. तिच्या हातात ओला टॉवेल होता. एकदा पिळलेला तो तिनं परत पिळला. म्हणली, "बरं."

झालं. हेच सांगायचं होतं. जीभ घसरली म्हणू का? दोन माणसांपुढं, दोन वेगळ्या गोष्टी सांगायला जीभ घसरत नसते. रागावून केलं का? नाही. पोरीचं भलं होईल म्हणून? हे मी स्वतःला खूप दिवस सांगून बघितलं, पण त्या घटकेला माझ्या मनात पोरगी नव्हतीच. खो-खोत पाठीवर थाप पडली की उठून पळायचं, का म्हणून विचारायचं नाही. तसं मी दोघांच्या पाठीवर थाप मारली. दोघंही पळाले, कारण दोघांना वाटलं दुसऱ्यासाठी पळतोय.

श्रेया कॉलेजला गेली. ऋतू रिपीटरच्या वर्गात बसली. तक्रार एका शब्दानं नाही — तीच तर अडचण. आधी ती प्रश्नांची उत्तरं देताना हसायची, मधेच मला उलटे प्रश्न विचारायची. त्या वर्षी नुसती उत्तरं द्यायची. कंगव्यात केस यायला लागले. श्रेयाचा कॉलेजातून फोन यायचा — आज पहिल्यांदा घोड्याला हात लावला, आज गाईला सलाईन लावताना बघितलं — तर ही लांब जाऊन बोलायची आणि आल्यावर पुस्तक उघडून बसायची. मी बघत होते का? बघत होते. रोज बघत होते. आणि रोज सकाळी ती गेली की ट्रॅकपँट चढवून खाली उतरत होते.

दिवाळीच्या आधी हे आले, ज्वारीचं पोतं घेऊन. जेवताना, माझी मान खाली असताना, त्यांनी एकदम तिच्याशी बोलायला सुरुवात केली. "तुझ्या जिद्दीचं मला लई कौतुक वाटतं, माय." माझ्या हातातला घास हातातच राहिला. ऋतूनं वर बघितलं. तिला वाटलं असणार, पप्पा धीर देतायत. म्हणली, "तुमच्यासाठीच करतेय, पप्पा." त्यांना वाटलं, पोरगी लाडानं बोलतेय. दोघांचेही डोळे भरून आले. मी उठून ताक आणायला गेले. ताक ताटातच होतं.

स्पर्धा? स्पर्धा तर त्याच्या आधीच झाली होती. ते राहिलंच सांगायचं, आणि सांगायला मला अजूनही चोरून गोड वाटतं. आम्ही फायनलला गेलो. शेवटच्या डावात समोरची एक पोरगेली सून राहिली होती, वाऱ्यासारखी पळायची. मला खो मिळाला, ती खांबाकडं वळली आणि मी झेप घेतली — सगळं अंग हवेत, बोटं तिच्या पाठीला लागली. शिट्ट्या, आरडाओरडा, उज्ज्वलाताई तर मला उचलायलाच धावल्या. आणि सगळ्यात मोठी शिट्टी कुणाची? ऋतूची. क्लास बुडवून आली होती. गर्दीत उड्या मारून ओरडत होती, ती माझी मम्मी आहे, ती माझी मम्मी आहे. कितीतरी दिवसांनी इतकं मोकळं हसली. माझ्या गळ्यात पडली. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं, नाही? ओठावर आलं होतं. पण उज्ज्वलाताईनं जिलबी आणली आणि मी जिलबी खाल्ली.

दुसरा निकाल आला. पहिल्यापेक्षा बरा, पण एमबीबीएसला परत पुरत नव्हता. या वेळी मी फोनवर एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. तिचं नाव व्हेटर्नरीलाच लागलं — जे वर्षाआधी मिळत होतं तेच. एका वर्षात तिला जास्तीचं काय मिळालं? श्रेया आता तिची सीनियर होती. रीतीप्रमाणे तिला सगळ्यांपुढं "मॅम" म्हणावं लागायचं. दोघी हसून सांगायच्या मला हे. मीही हसायची.

ऋतू डॉक्टर झाली, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. ग्रामपंचायतीपुढं मांडव, स्पीकर. आमच्या गावातली पहिली मुलगी जनावरांची डॉक्टर — तिच्यापेक्षा म्हशीवाल्यांनाच आनंद जास्त. आधी मला पुढं बोलावलं. सरपंचांनी सांगितलं, या माऊलीनं लेकीसाठी तीन वर्षं घरदार सोडलं, ही आदर्श माता. शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या. जाऊबाई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या, आणि खऱ्या मनानं वाजवत होत्या. मी शाल नीट केली आणि नमस्कार केला. घ्यायला नको होती, पण घेतली.

मग ऋतू बोलायला उठली. म्हणली, "माझं नाव पहिल्या वर्षीच लागत होतं. पण पप्पांना माझ्याकडून जास्त अपेक्षा होती. ते म्हणाले, अजून एक वर्ष बस. जमलं नाही, पण आपला बाप आपल्यावर एवढा विश्वास ठेवतो, हे मला त्या वर्षी कळलं."

हे कधी माईकला हात लावत नाहीत. त्या दिवशी लावला. म्हणाले, "मी काय न्हाई केलं. जिद्द तिची होती. मी नुसता जवारी पोचवत व्हतो." सगळा मांडव हसला. मागून कुणीतरी म्हणलं, बाप-लेक एकमेकाला मोठेपणा देऊन राहिले. ऋतूही हसली, पप्पाच्या खांद्याला टेकून. सगळ्यांना त्यांचा विनय दिसला. दोघंही अगदी खरं बोलत होते, हे एकटीला माहीत असलेली बाई शाल पांघरून, नारळ घेऊन पुढच्या खुर्चीत बसली होती.

तिचं वर्ष होतं ते. तिच्या तरण्या वयातलं. मी ते घेतलं आणि खेळून संपवलं. शेवट गोड झाला म्हणून ते कमी होत नाही. आणि माझ्या जन्मातलं सगळ्यात सुखाचं वर्ष तेच होतं, हेही मी खोटं सांगणार नाही. लिंबाचं झाड आठवलं की अजून हसू येतं. हसू येतं याची लाज वाटते. मग परत हसू येतं.

ऋतू आता उदगीरकडं नोकरीला आहे. संध्याकाळी फोन येतो. सवयीनं म्हणते, "पप्पाला विचार, म्हैस कशी आहे." आताशा मी विचारत नाही. म्हणते, तूच विचार की, आणि फोन यांच्या हातात देते. पहिले काही दिवस दोघं अडखळायचे — हाव, बरं, जेवलीस का. आता मात्र फोन कानावरून निघत नाही. म्हशीवरून सुरू होतं, पाऊसपाण्यावर येतं, मग जुन्या गोष्टी निघतात. मी शेजारी भाकरी थापत ऐकत असते. कधीतरी बोलता बोलता ते त्या वर्षापाशी येणार. एक जण म्हणेल, तुम्हीच म्हणाला होता ना. आणि दुसरा म्हणेल, मी? कधी?

येऊ दे. त्या दिवशी मी फोन मागून घेणार नाही.